लिंबू, पातं आणि पुंजाजी मिस्त्री

मित्रांनो, आत्मवृत्त सांगायचं तर वस्तू जुनी असावी लागते, असा अलिखित नियम आहे. मोडक्या छत्रीने, गंजलेल्या सायकलने बोलायचं आणि नव्यांनी ऐकायचं. मी हा नियम मोडते आहे. मी एक नवी टेबल कटर मशीन आहे. माझ्या लोखंडी टेबलाच्या फटीतून एक गोल, दातेरी पातं वर येतं आणि पुढे सरकवलेली फळी कापतं. माझ्या अंगावरचा रंग अजून उडालेला नाही. पण चिखलीच्या पुंजाजी मिस्त्रींच्या दुकानात माझ्याविषयी इतकी मतं व्यक्त झाली, की एखाद्याला म्हातारपण यायला तेवढी पुरावीत.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या एका साहेबांनी मला तपासलं आणि अंगावर 'पास'चा शिक्का मारला. मला वाटलं, परीक्षा संपली.

माझ्या पोटात एक ब्रेक आहे. फिरत्या पात्यात बारीकशी वीज खेळते; बोट लागून ती ओलसर कातडीत शिरली, की पापणी लवायच्या आत पातं थांबतं आणि टेबलाखाली दडतं. बोटाला नुसता ओरखडा येतो. खोक्यासोबत आलेल्या पुस्तकात हे सगळं चित्रांसह दिलं होतं. ते पुस्तक दुकानात एकाच व्यक्तीने वाचलं : पुंजाजींची सून संजीवनी.

संजीवनी आयटीआयमधून सुतारकाम शिकून आलेली. दुकानातली मापं तिची, नकाशे तिचे, पॉलिश तिचं. फक्त लाकूड कापायची तिला बंदी होती. याचं कारण कोपऱ्यात उभं होतं. ती दुकानातली जुनी मशीन, बाभळीच्या टेबलाला खालून उलटी मोटर बसवलेली. आमच्या धंद्यात नवी मशीन आली, की मिस्त्री सर्वांत आधी पात्यावरचं झाकण काढतो आणि खिळ्याला टांगतो. झाकणामुळे काम दिसत नाही म्हणतात. तसं ते झाकण भिंतीवर गेलं आणि काही वर्षांनी पुंजाजींच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली.

"मशीनले हात लावायचा नाही, पोरी," पुंजाजी सुनेला सांगत. "माही बोटं गेली तेवढी बस झाली."

म्हणून संजीवनीने मला शोधून काढलं आणि सासऱ्यांच्या इतकी मागे लागली, की शेवटी ते डीलरकडे गेले. डीलर म्हणाला, सोमवारपर्यंत वापरून पाहा, नाही पटली तर गाडी पाठवतो. म्हणजे मी राहिले, तर संजीवनी माझ्यासमोर उभी राहणार. मी परत गेले, तर ती पुन्हा पॉलिश पेपर घासत बसणार. एका खोक्यातून आलेल्या मशीनवर ही जबाबदारी जरा जास्तच होती.

पुंजाजी एकट्याने निर्णय घेणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी दोन जाणकार बोलावले. गावातला संघपाल पलंग आणि कपाटं करायचा. अर्जुनराव दारं-चौकटींचे मिस्त्री, पिंपळगाव राजाचे. ते खास मत द्यायला एसटीने आले.

मला चालू करण्यात आलं.

"आवाजच नाही हो हिले," अर्जुनराव म्हणाले. "गिऱ्हाइकाले कसं समजन, दुकान चालू हाये म्हणून?"

"चांगलंच हाये ना, बाप्पा," संघपाल म्हणाला. "घरून फोन आला तं ऐकू तरी येईन."

"म्हणून तं म्हणतो, चांगलं नाही."

मग संघपालने खिशातून रुपया काढला आणि माझ्या टेबलावर कडेवर उभा केला. मशीन चालू असताना तो पडला नाही. बंद करतानाही पडला नाही.

"पाह्यलं? थरथरत बी नाही पोरगी!"

"रुपयाचं काय घेऊन बसला बे? दहाचा ठेव."

दहाचं नाणंही उभंच राहिलं. अर्जुनरावांनी ते बारकाईने तपासलं आणि तपासता तपासता स्वतःच्या खिशात टाकलं.

मापाची पट्टी इंचभर सरकवली, तर ती इंचभरच सरकली, याचं दोघांना फार अप्रूप वाटलं. एक टाकाऊ फळी कापून पाहिली आणि भुसा जमिनीवर न पडता पिशवीत गेला, तेव्हा अर्जुनरावांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. त्यांना तो लपवला असल्याचा संशय होता. पुंजाजी मात्र माझ्या पात्याकडे पाहत होते. तसं लोक फक्त एकदा चावलेल्या कुत्र्याच्या पिल्लाकडे पाहतात.

रविवारी माझी पूजा ठरली. हळद-कुंकू, हार, नारळ, सगळं झालं. संजीवनी घरात शिरा करत होती. मशीन कितीही नव्या काळाची आली, तरी शिरा तिनेच करायचा होता.

"लिंबू राह्यलं," अर्जुनराव म्हणाले. "नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतेत ना. पण हिले चाक कुठं हाये?"

"पातं गोल हाये की," पुंजाजी म्हणाले.

हा तर्क कुणालाच खोडता आला नाही. पूजेनंतरचा पहिला काप लिंबाचा द्यायचं ठरलं.

"भाऊ, लिंबू फळीनं ढकला," संघपाल म्हणाला.

"देवाचं लिंबू हातानं द्या लागते. फळीनं ढकलाले ते काय गोवरी हाये?"

पुंजाजींनी संघपालला माझ्या पात्यावरचं झाकण वर उचलून धरायला सांगितलं. पाण्याने धुतलेलं, ओल्या कुंकवाचं लिंबू त्यांनी सवयीने डाव्या हातात धरलं आणि माझ्या फिरत्या पात्याकडे नेलं. मित्रांनो, ओलं लिंबू आणि ते धरणारं बोट यांत मला फरक करता येत नाही. लिंबू मला टेकलं, पोटात धाडकन आवाज झाला आणि पातं दिसेनासं झालं.

लिंबू हातातून सुटून बाकाखाली घरंगळलं.

"जळली!" अर्जुनराव म्हणाले. "लिंबाले बसली ते सागवानाले काय करन?"

"संघपाल, डीलरले फोन लाव," पुंजाजी म्हणाले. "सोमवार कायले पाह्यता? आजच घेऊन जा म्हणा."

आवाज ऐकून संजीवनी हातात उलथनं घेऊन धावत आली. "काय कापलं?"

"लिंबू."

"हातात धरून?"

तिने उलथनं खाली ठेवलं, बाकाखाली घरंगळलेलं लिंबू शोधलं आणि पुसून सासऱ्यांच्या तळहातावर ठेवलं.

"मामाजी, पाहा. हिले वाटलं, तुमचं बोट हाये. म्हणून थांबली. बोट असतं तरी एवढंच लागलं असतं."

पुंजाजींनी लिंबू फिरवून पाहिलं. पिवळ्या सालीवर एक बारीक चीर होती. रसाचा थेंबही आला नव्हता. त्यांनी आपली दोन अर्धी बोटं त्या चिरेशेजारी ठेवली आणि कोपऱ्यातल्या बाभळीच्या टेबलाकडे कितीतरी वेळ पाहत राहिले.

"हॅलो? हॅलो?" संघपालच्या फोनमधून डीलर विचारत होता.

"ठेव फोन," पुंजाजी म्हणाले.

"नाही नाही, ठेवू नका," संजीवनीने फोन घेतला. "साहेब, हा ब्रेक एकदाच चालते. नवा पाठवा. अन् पातं."

अर्जुनराव तत्त्वाचे पक्के. "लिंबाले वाचवलं," ते म्हणाले, "एवढं मान्य करा लागते."

सोमवारी गाडी आली ती मला न्यायला नव्हे, ब्रेक आणि पातं घेऊन. ते बसवून झाल्यावर पुंजाजी पाना घेऊन माझ्या झाकणाकडे वळले.

"मामाजी."

पुंजाजींनी हातातल्या पान्याकडे पाहिलं. "सवय हाये," म्हणाले आणि पाना खिशात टाकला. मग भिंतीवरचं धुळकट झाकण काढून त्यांनी जुन्या मशीनला बसवलं. तिला ते होतं तसं बसलं.

संजीवनीने सागवानाची फळी घेतली, पट्टी लावली, मला चालू केलं. फळी कापली गेली तेव्हा मला समजलं, की आतापर्यंत माझं काही सुरूच झालेलं नव्हतं. पुंजाजींनी कापलेल्या कडेवरून अर्धं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"सरळ हाये," ते म्हणाले.

एवढी स्तुती त्यांच्या तोंडून त्या दुकानात कुणी ऐकली नव्हती. ती माझी की तिची, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्ही दोघींनी अर्धी अर्धी घेतली.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी आली, तर तिच्यावरचा भुसा झाडा, तिला ओलं लाकूड देऊ नका आणि ब्रेक आहे म्हणून बोट लावून पाहू नका. मुख्य म्हणजे, झाकण खिळ्याला टांगू नका. आमच्या दुकानात तर आता तशी सोयही उरलेली नाही. त्या खिळ्यावर एक वाळकं, चीर पडलेलं लिंबू लटकतं आहे. अर्जुनराव आले की माझ्याविषयी एखादी तक्रार करतात, आणि जाताना त्याच्या पाया पडतात.