मागच्या चाकाचा नट

मी एका तीनचाकी मोटरसायकलचा जुना नट आहे. मित्रांनो, नटाला सांगण्यासारखे आयुष्य ते काय असणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. पण माझ्याविषयी एक खोटी गोष्ट जो तो ऐकतो आहे आणि खरी गोष्ट ज्यांना ठाऊक आहे ती माणसे तोंड उघडत नाहीत. तेव्हा मलाच बोलणे भाग आहे.

कारखान्यात लालभडक तापलेल्या सळईचा तुकडा तोडून मला घडवले. पोटात आटे पाडले, माथ्यावर खाचा कापल्या. त्या खाचांमुळे मी मुकुट घातल्यासारखा दिसतो, पण तो मुकुट शोभेचा नाही. मागचे चाक ज्या एक्सलवर बसते, त्याच्या टोकाला एक आरपार भोक असते. मला आवळल्यावर माझी एखादी खाच त्या भोकासमोर यावी लागते. मग त्यातून दोन पायांची पिन घालतात आणि तिचे पाय फाकवून वाकवतात. मी चाकाला धरतो, पिन मला धरते. एवढेच आमचे काम.

माझा मालक दुकानातून गिऱ्हाइकांच्या घरी काचा पोचवत असे. गाडीच्या हौद्यात एक लाकडी घोडी होती; तिला टेकवून काचा उभ्या ठेवायच्या, मध्ये गोणपाट घालायचे. काच मोठी असली की त्याची बायको मागे बसून ती सांभाळायची. एरवी ती घरी शिवणाची कामे करी. तिच्या हातची काजे इतकी सुबक, की शिंपी आपले कोट तिच्याकडे पाठवत.

"अहो, जरा खड्डे बघा! मी काच धरलीय, मला कोणी धरलेलं नाही!" ती मागून ओरडायची.

"खड्डे काय मी खणले?"

"खणले नाहीत, पण एकही सोडत नाही ना तुम्ही!"

मालक हसायचा. रोज सकाळी गाडी काढण्याआधी तो खाली वाकून माझ्यावरून बोट फिरवी, पिन हलवून बघे आणि म्हणे, "आहेस ना रे जागेवर?" माझे कौतुक म्हणतात ते एवढेच झाले, पण मला ते पुरत होते.

पुढे चाकातले बेअरिंग झिजले. मालकाच्या मेव्हण्याने नुकतेच गॅरेज टाकले होते. घरचा माणूस सोडून बाहेर कुठे जायचे? गाडी त्याच्याकडे गेली. मेव्हण्याचे हात चपळ होते आणि तोंड त्याहून चपळ. त्याने नवे बेअरिंग बसवले, ग्रीस भरले, मला आवळले. पण एक्सलचे भोक माझ्या दोन खाचांच्या मधोमध आले. अशा वेळी नट आणखी थोडा आवळून पुढची खाच भोकासमोर आणायची असते. मागे फिरवायचा नसतो. हे त्याला ठाऊक होते. पण त्याला जोर लावावा लागला असता. त्याने मला मागे फिरवले. मग जुनीच पिन ठोकून सरळ केली. तिचा एक पाय मोडला. तशीच लंगडी पिन त्याने आत सारली.

सवयीप्रमाणे मालक बघायला वाकला.

"काय भावोजी, परीक्षा घेताय माझी?" मेव्हण्याचा चेहरा उतरला. "माझी ताई बसते या गाडीत. तिच्या कामात मी कसूर करीन?"

"अहो, उठा ना," बायको हलकेच म्हणाली. "काय वाटेल त्याला?"

मालक ओशाळून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा तिथे नव्हता, तरीही मालक वाकला नाही. वाकला असता तर बायकोच्या भावावर संशय घेतल्यासारखे झाले असते.

पिन कुठेतरी गळून पडली. दर हिसक्यासरशी मी सुटत चाललो. मी टकटक करून सांगत होतो.

"अहो, मागून कसला आवाज येतोय?"

"नवं बेअरिंग थोडे दिवस वाजणारच. तुझ्या भावानंच सांगितलंय."

वळणावर मी गळून पडलो, चाक निखळले आणि हौदा कलंडला. तिने काच सोडली नाही. सोडली असती तर बरे झाले असते.

दवाखान्यात मेव्हणा मला मुठीत घेऊन आला. "नटच खराब होता, भावोजी. आटे झिजलेले." मालकाने मला हातात घेतले आणि माझ्या आतून बोट फिरवले. माझे आटे धडधाकट होते. ते त्याच्या बोटाला कळले. त्याने बायकोकडे पाहिले. तिचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता आणि समोर तिचा भाऊ रडत होता.

"नटच खराब असणार," ती म्हणाली. "जाऊ द्या आता."

मालकाने मला मेव्हण्याला परत दिले. तिची बोटे आता मिटत नाहीत. शिंप्यांचे कोट येणे बंद झाले आहे.

मला मात्र तारेत ओवून गॅरेजच्या भिंतीवर टांगले आहे. "बघा, असले भिकार नट येतात बाजारात. यानंच माझ्या बहिणीचा हात घालवला," असे मेव्हणा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. आता त्याला ते खरेही वाटू लागले असावे. गिऱ्हाइके हळहळतात. मला काढून एखाद्या बोल्टवर फिरवून पाहावे, असे मात्र कोणाला सुचत नाही.

आज दुपारी शाळेच्या मुलांना ने-आण करणारी तीनचाकी आली. मागचे चाक निघाले, परत बसले. भोक पुन्हा दोन खाचांच्या मधे आले. मेव्हण्याचा पाना तसाच मागे फिरला. तशीच जुनी पिन ठोकून सरळ झाली. चालक बघायला वाकला.

"काय मामा, विश्वास नाही का आपल्यावर?"

चालक हसला आणि उभा राहिला. गाडी गेली.

मित्रांनो, शाळा सुटायची वेळ झाली आहे. तुमच्या गाडीत चढण्याआधी मागच्या चाकाशी वाका. पिन नवी आहे का, तिचे दोन्ही पाय वाकवलेले आहेत का, ते बघा. कोणाला वाईट वाटले, तर वाटू द्या.