हौद्यातला बर्फ

त्या वर्षी हिवाळ्याचा अंदाज सांगताना टीव्हीवरचा हवामानवाला हसत होता, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तळं अजून कोमट आहे, म्हणाला. थंडी लवकर उतरणार, वारा पश्चिमेचा राहणार, म्हणजे तळ्यावरून उठलेले बर्फाच्या ढगांचे पट्टे टेकडीवर येऊन बसणार आणि बसले की लवकर हलणार नाहीत. हे सांगताना त्याने नकाशात आमच्या गावावरून हात फिरवला. त्याच्या बापाचं काय जातंय! तो सिरॅक्यूज शहरात गरम खोलीत बसलेला.

पट्ट्याला न्याय-अन्याय काही कळत नाही. चर्चच्या अलीकडे कंबरभर बर्फ आणि पुलापलीकडे कोरडं ऊन, हे आमच्याकडे नेहमीचंच. म्हणून कोण कुठून आलं हे आम्ही तोंडाने विचारत नाही, गाडीच्या टपाकडे बघतो. पिकअप असेल तर मागच्या हौद्याकडे. टपावरचा बर्फ वाटेत उडून जातो, हौद्यातला घरापर्यंत येतो. आमच्या गावात बायका नवऱ्याचं तोंड नंतर बघतात, आधी हौदा बघतात, असं लोक थट्टेने म्हणतात. मला त्यात थट्टा दिसत नाही.

वेंडेल, माझा नवरा, गावचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो. म्हणजे चालवायचा. त्या नोव्हेंबरात तो दर गुरुवारी क्लेटनकडे जाऊ लागला. क्लेटन त्याचा थोरला भाऊ, वर मॉन्टेगला राहतो. त्याच्या गोठ्याचं छप्पर बसायला आलंय, टेकू द्यायचेत, असं कारण. पहिल्या गुरुवारी मी काही बोलले नाही. दुसऱ्या गुरुवारी तो संध्याकाळी परत आला, बूट काढले आणि म्हणाला, "वर काय बर्फ लागलाय! पुढचा हात दिसत नाही."

मॉन्टेगवर सकाळपासून पट्टा बसला होता हे खरंच होतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, त्या बाजूच्या बस आल्याच नव्हत्या. पण मी कचरा टाकायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि हौद्यात डोकावले. हौदा कोरडा ठणठणीत. तळाशी शरदातली चार वाळकी पानं.

"हौद्यावर छत्री धरून बसला होतास का?" मी आत येऊन विचारलं.

"वाऱ्याने उडाला असेल," तो म्हणाला. म्हणाला माझ्याशी, पण बघत होता माझ्या कानाकडे.

आणखी एक गोष्ट होती. उन्हाळ्यापासून तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. बोलताना कानाकडे नाहीतर खांद्यापलीकडे बघायचा. आधी मला वाटलं वय झालं, कंटाळला असेल. पण गुरुवारी घोटून दाढी करणारा आणि इस्त्रीचा शर्ट घालून गोठ्याचं छप्पर धरायला जाणारा माणूस नजर चुकवतो तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पुढच्या गुरुवारी तो आला तेव्हा हौदा बर्फाने काठोकाठ भरलेला होता. मी हातमोजा काढून त्यात हात घातला. तळ्याचा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो, फुंकर मारली की उडतो. हा ढेकळांचा होता. करडा, वाळू आणि मीठ मिसळलेला, कुठल्यातरी दुकानाच्या आवारात कोपऱ्यात ढीग करून ठेवलेला असतो तसा. त्यात कॉफीचा एक चेपलेला कागदी पेला होता आणि वरच्या थरावर फावड्याच्या चापट्या स्पष्ट उमटलेल्या होत्या.

मी तिथेच थिजले. घरासमोरचा बर्फ काढायला सांगितला की ज्याची कंबर धरते, त्या माणसाने परमुलखात उभं राहून स्वतःच्या हौद्यात फावड्याने बर्फ भरला होता. कशासाठी? माझ्यासाठी. इतकं कष्टाचं खोटं माणूस उगाच बोलत नाही.

मी क्लेटनला फोन लावला.

"हो हो, इथेच होता," क्लेटन म्हणाला. "दिवसभर छपरावर."

"क्लेटन, मी अजून काही विचारलंच नाही."

पलीकडे तो खोकला. मग म्हशीला काहीतरी झालंय म्हणून त्याने फोन ठेवला. क्लेटनकडे आयुष्यात कधी म्हैस नव्हती, गायी आहेत, त्याही तीनच.

दुसऱ्या दिवशी मी जूनकडे गेले. जून माझी शेजारीण, नाक्यावर तिचं पेट्रोल आणि मासे धरायच्या गळाला लावायच्या किड्यांचं दुकान आहे. तिला सगळं सांगितलं. माझा संशय कोणावर होता तेही. रोझलिंड आमच्याकडच्या खाणावळीत वाढायला असायची, वेंडेलच्या बशीत ॲपल पायचा तुकडा नेहमी मोठा पडायचा, आणि दोन वर्षांपूर्वी ती खाली सिरॅक्यूजला राहायला गेली होती.

"अगं, वेंडेलला कोण घेणार?" जून म्हणाली. "अंगाला मीठ, डिझेल आणि कांदा. तिन्ही वास एकदम."

"रोझलिंडला बारा महिने सर्दी असते."

जूनने यावर थोडा विचार केला. "मग गुरुवारी दुकान बंद ठेवते," ती म्हणाली.

त्या गुरुवारी आम्ही तिच्या गाडीतून त्याच्या मागे निघालो. चौकात मॉन्टेगचा रस्ता डावीकडे जातो. वेंडेल उजवीकडे वळला. जूनने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं, तिच्यासाठी ती मोठीच गोष्ट. तो फार हळू चालला होता, रस्त्याची कड धरून. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं, म्हणूनच सावकाश जातोय. मोठा पूल ओलांडला आणि पडदा सारावा तसा बर्फ संपला. पुढे काळा कोरडा रस्ता आणि ऊन. त्या उन्हाचा मला भयंकर राग आला.

शहरात एका लांबलचक विटांच्या इमारतीसमोर त्याने गाडी लावली आणि आत गेला. दारावर पुष्कळ पाट्या होत्या, दंतवैद्यापासून वकिलापर्यंत.

"वकील," मी म्हटलं. "घटस्फोट घेतोय तो."

"इस्त्रीचा शर्ट घालून?" जून म्हणाली. "वकिलाकडे फाटका घालून जावं."

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. डोळ्यांवर कागदी काळा चष्मा होता. एक हात भिंतीला लावून, भिंत संपेपर्यंत तो तसाच चालला, मग गाड्यांमधून वाट काढत आमच्याच दिशेने आला. मी खिडकीची काच खाली केली. त्याच्यावर ओरडायचं वाक्य गेले आठ दिवस माझ्या तोंडात तयार होतं. तो माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. माझ्याकडे तोंड करून. आणि थांबला नाही.

त्याला मी दिसलेच नव्हते. ती बाई वगैरे काही नव्हती हे मला तेव्हा कळलं, आणि असती तर बरं झालं असतं असंही वाटलं.

"वेंडेल," मी म्हटलं.

तो आवाजाच्या दिशेने वळला. "लोरेटा?" म्हणाला. "तू इथे काय करतेस?"

परत येताना त्याची पिकअप मी चालवली. जून मागून येत होती. शहर मागे पडल्यावर तो आपणहून बोलू लागला.

"मधलं जातंय. कडेचं दिसतं. तुझा कान दिसतो, तोंड दिसत नाही."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

उन्हाळ्यापासून मी त्याच्याकडे बघून किती तोंडं वाकडी केली होती! सगळी वाया गेली होती. मला हसूही आलं आणि रडूही, आणि रस्ता दिसावा म्हणून मी दोन्ही गिळलं.

"डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरीण गाडी चालवायची नाही म्हणाली. पण तिला काय माहीत? मला रस्ता पाठ आहे. हा एवढा हिवाळा काढतो, मग सोडतो."

"रस्ता पाठ असेल. रस्त्यावर अडकलेली गाडी पाठ असते का? गाडीतून उतरून मदतीला हात करणारा माणूस? तो बरोबर मधे उभा असतो, वेंडेल."

तो खिडकीकडे वळला. "तू कामावर मर्लला सांगितलंस," तो म्हणाला, "तर मी तुझ्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही."

विश्वासाची गोष्ट कोण करत होतं बघा! पण तो धमकी देत नव्हता. तो नुसतं काय होईल ते सांगत होता.

पुलावर पोचलो तर वारा फिरला होता. सकाळी वर बसलेला पट्टा खाली सरकून बरोबर आमच्या गावावर आला होता. त्याचा फोन वाजला. मर्ल झूफेल्ट, गावच्या रस्त्यांचा प्रमुख. सगळे ड्रायव्हर हवे होते, ताबडतोब.

"गॅरेजवर सोड मला," वेंडेल म्हणाला.

मी सोडलं. पण त्याच्याबरोबर मीही उतरले. आत ट्रक धडधडत उभे होते. मर्ल किल्ल्या वाटत होता, आणि ड्युई कॉफी पीत होता. ड्युई म्हणजे वेंडेलचा जोडीदार. कागद गिरणी बंद पडल्यावर पन्नाशीत या कामाला लागलेला. वेंडेल चालवतो आणि शेजारी बसून तो ट्रकच्या बाजूचा फाळ वरखाली करतो.

"मर्ल," मी म्हटलं, "वेंडेलला ट्रक देऊ नकोस. त्याला दिसत नाही."

इंजिनं चालू होती तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"डोळ्यांत औषध घातलंय आज," वेंडेल म्हणाला. "तासाभरात उतरेल. लोरेटाचं तुम्हाला माहीतच आहे."

दोघं-तिघं हसले. माझं सगळ्यांना माहीतच होतं. पण ड्युई हसला नाही. त्याने पेला खाली ठेवला. "हा मला सगळं ओरडून सांगायला लावतो," तो हळूच म्हणाला. "पत्रपेटी आली, खुणेची काठी आली, पूल आला. म्हणाला, रस्ता पाठ व्हायला पाहिजे तुझा. पहिला बर्फ पडल्यापासून मी ओरडतोय."

मर्लने तळहातावर किल्ली ठेवून हात पुढे केला. "घे, वेंडेल."

वेंडेलने हात लांब केला. त्याचा हात मर्लच्या मनगटाशेजारून पुढे गेला आणि तिथे हवेत थांबला. कोणी हसलं नाही. मर्लने मूठ मिटली आणि तीच किल्ली ड्युईला दिली. "बाजूच्या फाळाला मी बसतो," म्हणाला. त्या क्षणी मला कोणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

घर तिथून फार लांब नाही, पण अंधारून आलं होतं आणि काचेपलीकडे पांढऱ्याशिवाय काही उरलं नव्हतं. दिवे लावले तर आणखीच वाईट. मी गाडी माणसाच्या चालीने नेत होते. वेंडेल शेजारी डोळे मिटून बसला होता.

"मोशरांची पत्रपेटी गेली," तो अचानक म्हणाला. "आता चढ लागेल." चढ लागला. "आता उतार. उजवीकडे राहा, खड्डा आहे." तेही बरोबर निघालं. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता. मनात आलं, मी घाई केली का? चारचौघांत त्याचा पाणउतारा केला, तो फुकटच का?

"आता डावीकडे वळ," तो म्हणाला. "आपला रस्ता."

मी ब्रेक दाबला.

"वळ ना."

"काही दिसत नाही, वेंडेल."

"मला दिसायची गरज नाही. वळ म्हणतो ना."

माझे हात चाकावर होते आणि ते हलेनात. मला वळायचं होतं. देवाशपथ सांगते, मला त्याच्या शब्दावर वळायचं होतं. पण नाही वळले. आम्ही तसेच बसून राहिलो, इंजिन चालू, आणि त्याला सगळं कळत होतं.

मग मागून पिवळा दिवा फिरत आला. ड्युईचा ट्रक. तो मागे थांबला, त्याच्या उंच दिव्यांचा झोत आमच्या डोक्यावरून पुढे गेला. मी दार उघडून उतरले, गुडघाभर बर्फातून डावीकडे चार पावलं गेले. तिथे रस्ता नव्हता. काठ होता, आणि खाली नाल्याचं काळं पाणी अजून गोठलेलं नव्हतं. आमचं वळण बरंच पुढे होतं. त्याने एक चढ कमी मोजला होता.

मी ट्रककडे बघून ओठांवर बोट ठेवलं. काचेमागे मर्लने मान हलवली.

गाडीत परत येऊन मी दार ओढून घेतलं.

"काय?" वेंडेलने विचारलं. "बरोबर होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर. मी उगाच घाबरले."

ड्युई आम्हाला वळसा घालून पुढे झाला, आणि त्याने करून दिलेल्या वाटेने मी गाडी सरळ नेली. त्याने सांगितलं तिथे मी वळले नाही, हे वेंडेलला कडेच्या नजरेने दिसलं असेल, नाहीतर अंगाला जाणवलं असेल. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "खरं सांगतेस?"

"खरं."

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला हे कधी विचारलं नव्हतं. आता रोज विचारतो. दूध कसलं आणलंस, बाहेर कोण आलं होतं, ऊन पडलंय का. मी सांगते, तो "खरं?" म्हणतो, आणि मग माझ्या कानाकडे बघत थोडा वेळ थांबतो.