ठोंब्याचा घास

कुत्रं मेलं की लोक म्हणतात, कुत्रंच तर होतं. म्हणू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण "म्हाताऱ्याच्या लाडाने मेलं" असं कुणी म्हणालं, तर त्याला मी सोडणार नाही, मग तो माझा सख्खा नवरा का असेना. आणि म्हणाला तोच! म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते, मध्ये बोलू नका.

खाली आमची लाँड्री, वर आम्ही राहतो. मी, नवरा आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे सासरे. हयातभर त्यांनी लोकांचे केस कापले. जी पोरं खुर्ची बघूनच भोकाड पसरायची, ती अण्णांच्या हाताखाली गप्प बसायची. काही जादू नाही. कानाशी हळू आवाजात म्हणायचे, "हं राजा, एवढंच. झालंच बघ." मी लग्न होऊन आले तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, तुझा सासरा वाघाचीही दाढी करेल. मला तेव्हा हसू आलं होतं.

ठोंब्याला अण्णांनीच आणलं. हाक मारली की उलट्या दिशेला जायचा, म्हणून ठोंब्या. इस्त्रीचे गठ्ठे गरम असले की त्यांच्यावर चढून झोपायचा आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर केस सोडायचा. मी त्याला शिव्या घालायची आणि तो शेपटी हलवायचा. असा तो संसार.

आमच्या घरात एक रीत होती. अण्णांच्या ताटातला शेवटचा घास ठोंब्याचा. भाताचा असो, अंड्याचा असो, जे असेल ते. अण्णा घास हातात घेऊन म्हणायचे, "चला साहेब," आणि तो अलगद, दात न लावता उचलायचा. पोट भरायला वेगळं होतंच. नवऱ्याने मोठ्या हौसेने ते पोत्यातलं खाणं सुरू केलं होतं. पोत्यावर सोनेरी शिक्का, चकचकीत कुत्रा, शेजारी कोंबडीची तंगडी, गाजरं, मटार. आत बघावं तर एका मापाचे तपकिरी गोळे. मी म्हटलं, "यातली तंगडी कुठली आणि गाजर कुठलं?" तर म्हणे, "अगं, संपूर्ण आहार आहे तो. डॉक्टर स्वतः विकतात." डॉक्टर विकतात म्हटल्यावर मी गप्प बसले. शिकल्यासवरल्या माणसापुढे आपलं डोकं चालवू नये, असं घरात शिकवलेलं.

आणि आमच्या धंद्याची एक खोड. माल आला की आधी वेष्टण काढून फेकायचं, वस्तू जागेवर लावायची. तसंच पोतं आलं की फाडायचं, गोळे पत्र्याच्या डब्यात ओतायचे आणि पोतं कचऱ्यात. कुठला माल कधीचा, त्यावर नंबर काय होता, कोण बघतंय? आधीचे उरलेले गोळे खाली, नवे वर.

एके दिवशी ठोंब्याने ताटली हुंगली आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, नखरे. दुसऱ्या दिवशीही तेच. मग पिवळं पिवळं ओकायला लागला. नवरा त्याला उचलून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, मी दुकान बंद करून मागोमाग.

डॉक्टरांनी पोट दाबलं, रक्त घेतलं आणि विचारलं, "खायला काय काय देता?"

"तुमच्याकडचंच," नवरा म्हणाला, आणि मग त्याच्या जिभेला हाड राहिलं नाही, "पण वडील ताटातलं चारतात. ऐकतच नाहीत."

डॉक्टरांनी चष्म्यावरून असं बघितलं, जसं काही आमच्या घरी विष शिजतं. "तिथेच तर सगळं बिघडतं. घरचं अन्न पूर्ण बंद. फक्त हेच द्यायचं. नाही खाल्लं तर हाताने भरवा. पोटात गेलं तरच ताकद येईल." पाठीमागे भिंतीला लावून तीच सोनेरी शिक्क्याची पोती रचलेली. एक तिथूनच नवीन आणलं.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझ्यामुळे झालं होय?" आणि हात धुवून आले.

त्या दिवसापासून शेवटचा घास बंद. अण्णा जमिनीवर पाय पसरून बसायचे, ठोंब्याचं डोकं मांडीवर घ्यायचे आणि एकेक गोळा पाण्यात भिजवून त्याच्या ओठाशी न्यायचे. तो तोंड इकडे फिरवायचा, अण्णा म्हणायचे, "नखरे करतोय," आणि हात तिकडे न्यायचे. "हं राजा, एवढंच. झालंच बघ." जगात दुसऱ्या कुणाच्या हातून त्याने खाल्लं नसतं, पण अण्णांच्या हाताला तो नाही कसा म्हणणार? शेवटी खायचा. माझ्याकडे बघून अण्णा म्हणायचे, "खाल्लं गं, आज जास्त खाल्लं." त्यांच्या तोंडावर केवढा आनंद!

ठोंब्याचे डोळे पिवळे झाले, मग हिरड्या पिवळ्या झाल्या. एका दुपारी तो इस्त्रीच्या टेबलाखाली गेला, तिथून उठलाच नाही.

आणि त्याला पुरून आल्यावर, हात धुता धुता, आमच्या शहाण्याने तोंड उघडलं. "कितीदा सांगितलं होतं अण्णा, ताटातलं देऊ नका म्हणून."

मी हातातलं भांडं आपटलं. "जिभेला काही हाड?" मी म्हटलं. पण बाण सुटला तो सुटलाच. त्यानंतर अण्णा फारसे बोललेच नाहीत. दुकानात खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे ते वरच बसायला लागले. जेवायला बसले की शेवटचा घास ताटाच्या कडेला ठेवायचे आणि उठायचे. जन्मभर दुसऱ्याची दाढी करणाऱ्या माणसाच्या गालावर खुंट वाढले. मला ते बघवत नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, "जा, पाय धर आणि सांग की तोंडातून गेलं." तो म्हणाला, "अगं, पण खोटं कसं सांगू? डॉक्टरच म्हणाले ना." बघा! खोटं बोलायचं नाही म्हणे. हरिश्चंद्राचा अवतार!

मग मास्तरीणबाई आल्या. शाळेत शिकवतात, आमचं जुनं गिऱ्हाईक. बगलेत एक घोंगडी. "कुत्रीची आहे हो, जरा नीट धुवा, आजारी आहे ती." मी घडी उलगडली आणि हात थबकला. तो डाग मी ओळखत होते. पित्ताचा, कडेला हिरवट झाक, सोड्याने निघतो पण सावली राहते. ठोंब्याच्या गोधडीवरची तीच सावली घासून माझी बोटं सोलली होती.

"बाई, तिचे डोळे पिवळे झालेत का?"

त्या बघतच राहिल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"ताटातलं देता?"

"छे हो! तिला घरचं कधीच चारलं नाही. फक्त ते पोत्यातलं. सोनेरी शिक्क्याचं."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं, बाईंना म्हटलं, "आधी ते खाणं बंद करा, आत्ताच्या आत्ता, आणि पोतं जपून ठेवा." आणि पायांत चपला सरकवून तडक डॉक्टरांकडे.

तिथे भिंतीशी पोती नव्हती. फरशीवर त्यांच्या जागेचा तेवढा स्वच्छ चौकोन आणि भोवती धूळ.

"कुठे गेली?" मी विचारलं.

डॉक्टर इकडे तिकडे बघायला लागले. "कंपनीने परत नेली. त्या खाण्यातला मका खराब निघाला म्हणे. बुरशी. तिचं विष थेट यकृतावर जातं, भाजून दळलं तरी मरत नाही. वरून चव फवारतात, त्यामुळे वासही..."

"कधी नेली?"

"झाले काही दिवस."

"आणि आम्हाला?"

"अधिकृत असं काही आलं नाही ना, ताई. उगाच घबराट नको म्हणून..."

"घबराट! आमचं पोर गेलं, आणि तुम्हाला घबराटीची पडली? आणि घरचं बंद करा, हाताने भरवा, ते कशावरून सांगितलंत?"

"तसं आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

"सगळ्यांना सांगता म्हणून तर सगळ्यांची तीच गत झाली!" बाहेर बाकावर मांजर घेऊन बसलेली बाई उठून उभी राहिली, एवढा माझा आवाज चढला होता. चढू दे. खाली उतरवायला मी काही शिकलेली नाही.

घरी आले ती जिना धडधडत वर. नवरा जेवत होता, अण्णा ताटावर. "अण्णा, तुम्ही नाही! ऐकलंत का, तुमच्या घासाने नाही! ते पोतं होतं, बुरशीचं! तुमचा घास तेवढा चांगला होता!" मला वाटलं, आता त्यांचा चेहरा उजळेल. त्याचसाठी तर धावत आले होते.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग पत्र्याच्या डब्याकडे. मग स्वतःच्या बोटांकडे.

"म्हणजे तो तोंड फिरवत होता," ते म्हणाले, "ते त्यासाठी."

मेले मी! एवढी धावत आले, एवढी ओरडले, आणि हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. एका आरोपातून सोडवायला गेले आणि दुसऱ्यात ढकलून बसले. नवरा उठून त्यांच्या पायाशी बसला. "चुकलो अण्णा, तुम्हाला नको ते बोललो."

"तू नुसतं बोललास रे," अण्णा म्हणाले. "चारलं मी."

मी डबा उचलला, रिकामा करून फेकून देणार होते. अण्णांनी झाकणावर हात ठेवला. "राहू दे." मी राहू दिला.

मग मात्र मी तोंडाला कुलूप लावलं नाही. कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पोत्यावरचा नंबर सांगाल का, मॅडम?" नंबर कचऱ्यात. "नंबराशिवाय तक्रार घेता येत नाही, मॅडम." मॅडम, मॅडम! मास्तरीणबाईंचं पोतं होतं, त्यावरचा नंबर सांगितला तर फोन दुसरीकडे जोडला आणि कुणीतरी गाणं लावून ठेवलं. ठीक आहे, म्हटलं. लाँड्रीत कपडे टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला पावती द्यायच्या आधी विचारायचं: घरी कुत्रं आहे? काय खातं? ज्याच्या घरी नाही त्यालाही सांगायचं, शेजारी असेल. गावभर झालं. आणखी दोन घरची कुत्री अशीच गेलेली निघाली. मास्तरीणबाईंची कुत्री वेळेत वाचली, ती एक वाचली.

आणि मग साहेब आले. कंपनीचे. हसरे, गुळगुळीत. कॉलरला धड इस्त्री नाही आणि निघाले लोकांच्या घड्या बसवायला. हातात फीत बांधलेलं नवं कोरं पोतं. अण्णा त्या दिवशी माझ्या आग्रहाने खाली येऊन खिडकीशी बसले होते, पायाशी तो डबा. रोज वरून खाली, खालून वर, डबा त्यांच्याबरोबर असायचा.

"आम्हाला फार वाईट वाटलं," साहेब म्हणाले. "हे आमच्याकडून, प्रेमाची भेट. नवीन, सुधारित. आणि या कागदावर तेवढी सही हवी होती."

मी कागद वाचला. त्यात लिहिलं होतं, कुत्र्याला घरचं अन्न दिलं जात होतं हे डॉक्टरांच्या नोंदीवरून स्पष्ट आहे, सबब आजाराशी कंपनीचा संबंध नाही. खाली जागा होती, 'घरचं अन्न देणारी व्यक्ती' म्हणून. अण्णांच्या सहीला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, लाज विकून खाल्लीत की तीही दळून पोत्यात भरता? म्हाताऱ्याच्या शेवटच्या घासाआड तुमची बुरशी लपवता?" नवरा आतून ओढत होता, "अगं, हळू," पण मी कशाची हळू. "उचला ते पोतं, नाहीतर तुम्हालाच इस्त्रीखाली घालते!"

साहेब हसतच होते. त्यांना सवय असणार. "बाबा, तुम्ही समजूतदार आहात," ते अण्णांकडे वळून म्हणाले. "आमचा माल उत्तमच आहे. अहो, माणसाने खाल्लं तरी काही होणार नाही."

अण्णा उठले. सावकाश डबा उघडला, तळाशी हात घातला आणि एक गोळा काढला. ठोंब्याच्या वेळचा. पाण्याच्या पेल्यात बुडवून त्यांनी तो मऊ केला. साहेबांच्या अगदी जवळ गेले, डावा हात त्यांच्या मानेमागे ठेवला, पोराचे केस कापताना ठेवायचे तसा, आणि उजवा हात ओठांशी नेला.

"हं राजा," ते हळू आवाजात म्हणाले. "एवढंच. झालंच बघ."

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी तोंड एका बाजूला फिरवलं. अण्णांनी हात तिकडे नेला. त्यांनी दुसरीकडे फिरवलं, ओठ घट्ट मिटून.

अण्णांचा हात तिथेच थांबला. गालावरच्या खुंटांतून पाणी उतरत होतं.

"अस्साच," ते मला म्हणाले. "अगदी अस्साच करायचा तो. आणि मी म्हणायचो, नखरे करतोय."