डाव्या अंगाची कणीक

"मान वर करा," जयवंता म्हणाली.

संभाजीने मान वर केली. तिने गळ्यापासून सुरुवात केली. नेहरू शर्टाला चारच बटणं, पण गेला दीड महिना तीही त्याच्या बोटांना सापडत नव्हती. बटण चिमटीत धरलंय असं त्याला वाटायचं आणि बघावं तर चिमटीत नुसतं कापड. बारामतीला दवाखान्यात डोसला निघायच्या सकाळी हे काम तिच्याकडे आलं होतं आणि ते दार लावून व्हायचं.

"त्या सिस्टरनं इचारलं तर?"

"इचारंल की. दर खेपंला इचारती, काका, बटनं लावता येत्यात का. व्हय म्हनायचं."

"अन् मला इचारलं तर?"

"तुला कशाला इचारंल? औषिद तुला चाललंय का मला?"

तिने शेवटचं बटण लावलं आणि दार उघडलं.

कळंबच्या चौकात संभाजीचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटर आली की आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजून भरायची. पण गावात त्याला मोटारवाला कुणी म्हणत नसे. तो पखवाजवाला तात्या होता. हनुमान जयंतीच्या सप्त्यात सात दिवसांची सात कीर्तनं आणि शेवटचं काल्याचं; काल्याला पखवाज त्याचा, हे एकतीस वर्षं ठरलेलं. महाराज कुठलेही येवोत, पहिल्या चरणाला ते आधी संभाजीकडे बघत आणि मग लोकांकडे.

त्यात जयवंताचा वाटा वाटीभर कणकेचा. पखवाजाच्या डाव्या अंगाला कीर्तनाआधी ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. घट्ट झाली तर आवाज बसतो, सैल झाली तर कीर्तन रंगात यायच्या आत ओघळते. ती बिनमिठाची कणीक मळायची, पितळी वाटीत ठेवायची, वर ओलं फडकं टाकायची. पखवाजाचं कौतुक महाराजांच्या तोंडून अनेकदा झालं. कणकेचं कधी झालं नाही आणि तिला ते खटकलंही नाही. देवाच्या दारात आपली चिमूटभर सेवा रुजू होते, एवढं तिला पुरत होतं.

श्रावणात संभाजीच्या आतड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. दिवाळी सरल्यावर सलाईनमधून द्यायचं औषध सुरू झालं, दर एकवीस दिवसांनी एक, असे आठ डोस, जोडीला गोळ्या. पहिल्या दिवशी अबोली नावाच्या नर्सने दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. मुलगी सुप्याची, बोलायला गोड पण नजरेची कडक. औषध चढताना सुईपाशी आग झाली तर सोसायचं नाही, हाक मारायची. पुढचे काही दिवस गार पाण्यात हात घालायचा नाही, गार प्यायचं नाही. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, लगेच यायचं.

"आणि बोटांना मुंग्या येतात," ती म्हणाली होती. "चार दिवसांत गेल्या तर ठीक. पुढच्या डोसपर्यंत राहिल्या तर मला सांगायचं. डॉक्टर औषध कमी करतात, नाहीतर थोडं थांबतात."

एवढ्या सगळ्यातला 'थांबतात' हा एकच शब्द संभाजीने घरी आणला. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्याने एकवीस एकवीस दिवस मोजले. आठवा डोस सप्ता बसायच्या चार दिवस आधी संपत होता. मधला एक जरी आठवडाभर पुढे सरकला, तर शेवटचा ऐन सप्त्यात येणार होता.

"मग काल्याला कोन? पिंपळीचा रणजित?" तो जयवंताला म्हणाला. "त्यो पखवाज वाजवत न्हाय, लोकांची दारं वाजवतो."

पाचव्या डोसनंतरच्या मुंग्या गेल्या नाहीत. एकदा त्याच्या हातातून चहाचा कप सुटला. जयवंता म्हणाली, सिस्टरला सांगू या. त्याने तिचा हात धरला आणि आपल्या गळ्यातल्या तुळशीमाळेवर ठेवला.

"तुला माळंची आन हाय. काल्यापतूर कुनाला बोलायचं न्हाय."

"अवो, असं कसं?"

"आन घातली म्हंजी घातली."

जयवंताने जन्मभर कीर्तनं ऐकली. त्यातलं तिला किती पाठ होतं देव जाणे, पण माळेवरचा शब्द मोडायचा नाही, हे ती कुणी न शिकवता शिकली होती. माळ घालून खोटं बोलायचं नाही, हेही. ही दोन्ही एकाच दिवशी एकमेकांच्या आडवी येतील, असं मात्र कुठल्या महाराजांनी सांगितलं नव्हतं.

तो दिवस सातव्या डोसचा. संभाजीला सुई लावून झाली. 'सगळं झ्याक हाय सिस्टर' म्हणून तो डोळे मिटून पडला. अबोलीने जयवंताला खुणेने बाहेर बोलावलं.

"काकू, काका प्रत्येक वेळी झ्याक म्हणतात. सात डोस झाले आणि काहीच नाही, असं फार कमी होतं. तुम्ही सांगा. हाताला मुंग्या राहतात का?"

जयवंताने पदर सारखा केला.

"लपवून उपयोग नाही हो. आत्ता कळलं तर आवरता येतं. उशीर झाला तर बोटं पहिल्यासारखी होतीलच असं नाही. काका पखवाज वाजवतात ना?"

जयवंताच्या तोंडापर्यंत शब्द आला होता. स्वतःच्या गळ्यातली माळ तिने मुठीत धरली.

"माऊलीला ठावं, बाई," ती म्हणाली.

हे खोटं नव्हतं. आणही मोडली नव्हती. अबोली हसली, तिची आजीही काही नसलं की असंच बोलायची, आणि तिने कागदावर 'नाही' लिहिलं. जयवंताने तिला लिहिताना पाहिलं. अक्षरं दोनच होती.

आठव्या डोसला संभाजी दवाखान्याच्या फाटकातून ताठ चालत आला. बटणं लागलेली, कपाळाला बुक्का. अबोली दारातच उभी होती. तिने त्याच्या पायाकडे बघितलं.

"काका, एक चप्पल कुठंय?"

त्याने खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. मागे रस्त्यापलीकडे, रसवंतीपाशी ती पडली होती. तिथून इथवर तो तापल्या डांबरावरून आणि खडीवरून आला होता.

"आत्ताच निसटली," तो म्हणाला.

अबोलीने स्वतःच्या एप्रनचं बटण काढलं आणि म्हणाली, "हे लावून दाखवा."

तो बराच वेळ खटपट करत राहिला. मग तिनेच ते लावून घेतलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आठवा डोस त्यांनी दिलाच नाही. नसांना इजा झाली आहे, म्हणाले. औषध बंद केलं तरी आणखी काही महिने हे वाढू शकतं, पुढे वर्षभरात उतरेल किंवा थोडं कायमचं राहील. सहाव्यालाच कळलं असतं तर हे एक औषध कमी केलं असतं, नाहीतर थांबवलं असतं, बाकीचा उपचार चालूच राहिला असता.

"म्हंजी तारखा पुढं गेल्या नसत्या?" संभाजीने विचारलं.

"कसल्या तारखा?" डॉक्टर म्हणाले.

अबोली जयवंताकडे बघत होती. जयवंता जमिनीकडे बघत होती.

काल्याच्या दिवशी जयवंताने पहाटे कणीक मळली. मांडवात टाळकरी दोन रांगांनी उभे राहिले, वीणेकऱ्याने वीणा गळ्यात घेतली. संभाजी पखवाज पुढ्यात घेऊन बसला होता. टाळकऱ्यांत पिंपळीचा रणजितही होता. गावच्या मंडळींनी त्याला बोलावून ठेवलं होतं, हे संभाजीला कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगायला लागतं असं नाही.

जयवंताने वाटी नेऊन दिली. त्याने फडकं काढलं, कणकेत बोटं रोवली, परत रोवली. थोडी काढून डाव्या अंगाला थापायला गेला तर ती बाजूच्या चामड्याच्या वादीवर गेली. त्याने एक थाप मारली. आवाज आला तो पत्र्यावर ओलं पोतं पडल्यासारखा. महाराज त्याच्याकडे बघत होते, सवयीने.

संभाजीने वाटी उचलली आणि शेजारी धरली.

"रणजित, ही वली हाय का बघ. मला कळंना."

रणजितच्या जिभेवर नेहमी एखादा टोमणा असे. आज त्याने टाळ खाली ठेवले, कणकेला बोट लावलं.

"बेस हाय, तात्या. मी लावून देतो, तुमी वाजवा."

"लावून दिशील रं. बोटं कुठनं आननार?"

त्याने पखवाज दोन्ही हातांनी रणजितपुढे सरकवला आणि मागे सरून बसला. कुणीतरी त्याच्या हातात टाळ दिले. त्यांची दोरी बोटांतून निसटली तेव्हा ते त्याने हळूच मांडीवर ठेवून दिले.

रणजित चांगला वाजवत होता. चांगला वाजवत होता, हे कानांना नाकारता येईना. गजराला डावं अंग असं घुमलं की बायकांत बसलेली प्रयागबाई जयवंताच्या कानाशी वाकली.

"आज कणीक लई झ्याक जमलीय गं तुझी."

एकतीस वर्षांत कुणी पहिल्यांदा म्हणालं. जयवंता नखांत वाळलेली कणीक काढत राहिली.

दुपारी बाराला हंडी फुटली. आण काल्यापर्यंतचीच होती; ती आता संपली होती आणि जयवंताला काही विचारावं असं कुणाला वाटत नव्हतं. दहीलाह्यांच्या प्रसादाला माणसं रांगेने पुढे आली. संभाजीने ओंजळ केली. वाढणाऱ्याने ती भरली. दही बोटांच्या फटींतून गळत होतं, लाह्या पायाशी सांडत होत्या, आणि तो ओंजळ भरलेली आहे असं धरून, डोळे मिटून उभा होता.

जयवंता पुढे झाली आणि तिने खालून आपली ओंजळ लावली.