दुसऱ्याच्या खोलीची चिठ्ठी

नव्या घराच्या नकाशात आपली खोली जिन्याखाली आहे हे अण्णांनी पहिल्या नजरेतच हेरलं, आणि ती तिथे कुणी ढकलली असेल याचा विचार दुसऱ्या नजरेत सुरू केला.

तीन भावांतले ते मधले. लग्न केलं नाही. घड्याळं दुरुस्त करायचा धंदा, तोही घरातच, रस्त्याकडच्या खिडकीशी टेबल टाकून. घरात माणसं अकरा आणि खोल्या चार, त्यामुळे कुणी शिंकलं तरी त्यात आपल्याविषयी काही सुचवलंय का, हे तपासायला अण्णांना लांब जावं लागत नसे. आई म्हणायची, "याला उजाडलं म्हणून सांगा, हा विचारील, तुला कुणी सांगितलं?"

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता. कोपरे गुंडाळले जाऊ नयेत म्हणून चारी बाजूंना वाट्या ठेवल्या होत्या. उत्तरेकडची लांबलचक खिडकी धाकट्याच्या खोलीला. त्या खिडकीखाली कुणीतरी पेन्सिलीने एक छोटा चौकोन काढला होता. अण्णांच्या खोलीची खिडकी वीतभर, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली.

'टीव्ही ठेवणार असतील,' चौकोनाकडे बघत अण्णांच्या मनात आलं. 'टीव्हीला उजेड लागतो, आम्हाला नाही.'

अण्णांना उजेडच हवा होता. वर्षभरापासून त्यांचा उजवा डोळा धूसर झाला होता. एका स्क्रूचे दोन दिसत. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण थोरल्या दादांच्या कानावर गेलं असतं, तर दादा खांद्यावर हात ठेवून म्हणाले असते, "पुरे झालं आता, आराम कर." दादा हे प्रेमानेच म्हणाले असते आणि अण्णांना नेमकी त्याचीच धास्ती होती. काम गेलं की आपण या घरात फक्त ताट वाढण्यापुरते उरणार, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. चांगल्या उजेडात टेबल मिळालं तर अजून पाचसहा वर्षं निघाली असती.

नकाशा काढणाऱ्या बाई धाकट्याच्या ओळखीच्या. हाही मुद्दा अण्णांनी लक्षात ठेवला होता. बाई ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी टेबलावर चिठ्ठ्यांनी भरलेला एक डबा ठेवला.

"मोठ्या कुटुंबांचं माझं एक ठरलेलं आहे," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या खोलीबद्दल विचारलं की माणूस मागतच सुटतो. म्हणून प्रत्येकाने एक नाव उचलायचं आणि त्या माणसाच्या खोलीबद्दल लिहायचं. आठ दिवस बघायचं, तो घरात कुठे बसतो, काय करतो, कशावाचून त्याचं अडतं. मग लिहायचं. चिठ्ठी कुणाची, ते सांगायचं नाही."

"म्हणजे आठ दिवस एकमेकांवर पाळत," दादा हसून म्हणाले.

"अण्णाला नवीन काही नाही त्यात," आई म्हणाली.

अण्णांना धाकट्याचं नाव आलं. त्यांनी चिठ्ठी खिशात टाकली आणि आपलं नाव कुणाकडे गेलं ते ओळखायला सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सगळेच चेहरे साधे दिसत होते. इतके साधे चेहरे त्यांना कधीच पटत नसत.

तिसऱ्या दिवशी थोरल्या वहिनी झाडण्याच्या निमित्ताने आल्या आणि अण्णांच्या टेबलाला त्यांनी शिवणाची टेप लावली.

"काय मोजता वहिनी?"

"काही नाही हो भाऊजी. टेप ताणली गेलीय का ते बघत होते."

चौथ्या दिवशी आईने विचारलं, "तू दिवा किती वाजता लावतोस रे?" अण्णा म्हणाले, "अंधार पडल्यावर." खरं तर हल्ली ते दुपारपासूनच लावत.

पाचव्या दिवशी धाकटा लवकर घरी आला, मनगटावरचं घड्याळ काढून म्हणाला, "अण्णा, हे मागे पडतंय." अण्णांनी उघडून पाहिलं, घड्याळ ठणठणीत होतं. धाकटा मात्र तासभर स्टुलावर बसून राहिला, आणि घड्याळाऐवजी अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिला. अण्णांनी भिंग डोळ्यावरून काढलं तेव्हा त्याने पटकन दुसरीकडे पाहिलं.

चिठ्ठी एकाकडे आणि बघणारे तीन. अण्णांनी बेरीज केली. टेबल मोजलं ते काढून टाकण्यासाठी. दिव्याची चौकशी केली ती विजेचं निमित्त करायला. धाकटा बसला तो आपल्याला अजून काम जमतं का हे बघायला. सगळ्यांचं आधीच ठरलेलं दिसतंय, चिठ्ठ्या म्हणजे नुसता देखावा.

या सगळ्यात आठ दिवस संपले. धाकट्याची खोली, धाकट्याचं उठणं-बसणं, यांतलं काहीच अण्णांनी पाहिलं नव्हतं. ते बघणाऱ्यांनाच बघत बसले होते. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी चिठ्ठी काढली आणि ठळक अक्षरांत, नेहमीचं वळण बदलून लिहिलं: 'हा दिवसभर बाहेर असतो. मोठी खिडकी वाया जाईल. वीतभर पुरे.' आणि डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं.

आणखी आठवड्याने बाई नवा नकाशा घेऊन आल्या. वाट्या पुन्हा कोपऱ्यांवर बसल्या.

"बऱ्याच चिठ्ठ्या छान होत्या," बाई म्हणाल्या. "आजींची न्हाणीघराजवळची खोली, ती सूचना तर मला सुचायला हवी होती. आणि दोन चिठ्ठ्या अशा जुळल्या की दोन खोल्यांची अदलाबदलच झाली. उत्तरेची खोली आता अण्णांची."

अण्णांनी मान वर केली.

बाईंनी चिठ्ठी वाचली. "'याच्या टेबलाची लांबी साडेतीन फूट, उंची नेहमीपेक्षा चार बोटं जास्त. उन्हाची तिरीप नको, दिवसभर एकसारखा उजेड हवा. उजेड डावीकडून यावा. तीस वर्षं भिंगाचा वळ उजव्या डोळ्याभोवती असायचा, आता तो डाव्या डोळ्याभोवती आहे. याबद्दल त्याला कुणी काही विचारू नये.'" बाई थांबल्या. "अरेरे. हे शेवटचं मी वाचायला नको होतं."

दादा वाटीशी चाळा करत राहिले. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "टेप मी लावली होती भाऊजी. मला सांगितलं होतं लावायला." आणि त्यांनी धाकट्याकडे पाहिलंही नाही, इतक्या ठरवून, की सगळ्यांना कळलं.

अण्णांचा हात नकळत डाव्या डोळ्याकडे गेला. वळ बोटाला लागला.

"आणि जिन्याखालची खोली इकडे," बाई धाकट्याकडे वळल्या. "तुमच्याबद्दलच्या चिठ्ठीत होतं की तुम्ही दिवसभर बाहेर असता."

"असतोच की," धाकटा हसला. "ज्याने लिहिलं त्याने बरोबर बघितलंय."

धाकट्याची बायको त्याच्या शेजारी उभी होती. ती एका छापखान्याची मुद्रितं घरी आणून तपासत असे, आणि गेली नऊ वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका बाजूला भाज्या सरकवून तपासत आली होती. नव्या नकाशावर, उत्तरेच्या खिडकीखाली, जिथे आधी पेन्सिलीचा चौकोन होता, तिथे तिने क्षणभर बोट ठेवलं आणि उचललं.

टीव्ही नव्हता तो.

अण्णांना हवं ते सगळं मिळालं होतं. गप्प बसायचं, बस. अक्षर बदललेलं होतं, कुणाला कळणार नव्हतं. पण धाकट्याने भिंगाचा वळ ओळखला होता. तो अक्षर ओळखणार नाही, असं समजण्याइतके अण्णा भोळे नव्हते. आणि ओळखूनही तो हसत होता, हे त्यांना अजिबात सहन होईना.

"ती चिठ्ठी माझी," अण्णा म्हणाले. "माझी आहे ती. न बघता लिहिली. बाई, रद्द करा."

"न बघता कशी लिहिली?" बाईंनी चष्मा खाली ओढला. "आठ दिवस दिले होते."

"मी दुसरीकडे बघत होतो."

आई म्हणाली, "ते आम्ही बघत होतो." दादांना हसू आवरलं नाही, आणि मग धाकट्यालाही.

बाईंनी नकाशा गुंडाळला. "खिडकी लांब आहे. मधे भिंत घालून दोघांना अर्धी-अर्धी देता येईल का, बघते. पण माप लागेल. अण्णा, तुमचे आठ दिवस पुन्हा."

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. धाकटी मुद्रितांवर वाकली होती. कागदाच्या एका कडेला ओल लागली होती, ती तिने पदराने टिपली. ती दर चारपाच ओळींनी कागद तिरका करत होती, स्वतःच्याच हाताची सावली टाळायला. हे त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. ते बराच वेळ बघत राहिले.

"भाऊजी," ती मान वर न करता म्हणाली, "असं टक लावून बसलात तर माझ्या चुका राहतील."

"तुम्हाला उजेड कुठल्या बाजूने लागतो?"

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं.

"का?" ती म्हणाली. "कुणी विचारायला सांगितलं?"