टिकारामाला हाक कोणी मारायची

आमच्या वेळेस पोरांची नावं ठेवायला डोकं लागत नव्हतं. पोरं जगत नसली की चिंधू, सोमवारी झाला की सोमा, आजा वारलेला असला की आज्याचं नाव. पण अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास वरठी टेसनच्या क्वार्टरांतून नवं वारं सुटलं. शेजारच्या शकुनबाईचा नातू राकेश झाला, तिची नात पिंकी झाली. पिंकी म्हणजे काय, हे शकुनबाईलाही सांगता येत नव्हतं, पण हाक मारताना तिची मान ताठ व्हायची.

माझी सून सुलोचना वरठीचीच, मॅट्रिक झालेली. तिला पहिला पोरगा झाला.

"आई, पंकज ठेवू," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"चिखलात उगवते ते. कमळ."

"चिखल पाहाले तू वरठीहून आली काय? आमच्या धानाच्या बांदीत दुसरं आहे काय? चिखलात झाला तो पंकज, तर बेडकाईचंही बारसं करा लागन."

मालकांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. खुंटीवर त्यांचा दुपट्टा होता, कोपऱ्यात काठी होती, पण घरात कोणी त्यांचं नाव काढत नव्हतं. ते नाव या घरात पुन्हा वाजलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं. बारशाला माझ्या मुलीनं, रुखमिणीनं, पाळण्यात वाकून पोराच्या कानात नाव सांगितलं. टिकाराम.

सुलोचना नुसती हसली. ते हसणं मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी पोरगं रडलं.

"घे त्याले," मी म्हटलं.

"कोणाले, आई?"

"त्याले."

"नाव घेऊन सांगा ना. एवढ्या हौसेनं ठेवलं."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, ही आमची रीत. लग्न होऊन आले तेव्हा नणदांनी दार अडवलं, म्हणून उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर नाही.

"तूच मार हाक," मी म्हटलं.

"मी कशी मारू? सासऱ्याचं नाव हाय. तुम्हीच तर शिकवलं."

शिकवलं होतंच. नवी नवरी असताना ती 'टिकली' म्हणाली, तर सासऱ्याच्या नावाचं अर्धं तोंडात घेतलंस म्हणून मी तिला झापलं होतं. तेव्हापासून टिकलीला ती 'कपाळाचं' म्हणते.

माझा मुलगा गोपीचंद तर सरळ म्हणाला, "माय, मी त्याच्यावर ओरडलो तर बाबालेच दरडावल्यासारखं वाटते."

मग पोरगं 'ए' आणि 'बाप्पू'वर वाढलं. चुलीपाशी सुलोचना त्याला हळूच पंकज म्हणायची. मला ऐकू यायचं. पण कोणत्या वेळी बहिरं व्हायचं, ते सासूला कळतं.

पोरगं चांगलं पळायला लागलं, तेव्हा एकदा मी त्याला मोहाडीच्या बाजारात नेलं. शकुनबाई सोबत होती. वांग्याच्या भावावरून माळिणीशी माझं भांडण रंगात आलं आणि पोराचं बोट सुटलं. वळून पाहते तर पोरगं नाही. "ए बाप्पू," म्हणून ओरडले, तर अर्ध्या बाजाराने माना वळवल्या.

दंतमंजन विकणारा जीपवर भोंगा लावून बसला होता. मी त्याच्याकडे धावले.

"नाव सांगा पोराचं, आजी."

"निळी चड्डी घातली हाय."

"नाव."

"त्याच्या आज्याचं हाय."

"आज्याचं काय नाव?"

"ते मी घेत नाही."

"मंग मी कसं घेऊ?"

शकुनबाई म्हणाली, "बाई, सांगून टाक. तिकडे तुमसरच्या रस्त्यावर ट्रका चालून राहिल्या."

मी त्या माणसाच्या हातातून माईक ओढला, पदर डोक्यावर घेतला. पण नुसतं नाव काही केल्या जिभेवर येईना. मग ज्या वाटेनं ते एकदा बाहेर निघालं होतं, त्याच वाटेनं काढलं.

"धानाच्या बांदीत पऱ्हं लावलं दाट, टिकारामजीचं नाव घेते, सोडा माझी वाट."

मग मिरचीवाल्या बाया हसायला लागल्या. कोणीतरी ओरडलं, "आजी, आणखी एक होऊन जाऊ द्या." पागोटं बांधलेला एक म्हातारा गर्दीतून पुढे आला.

"मी टिकाराम, लाखनीचा. कोन बाई बोलावते?"

पोरगं मात्र आलं नाही. येईल कसं? पाळण्यानंतर ते नाव त्याच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. ज्या नावासाठी घर डोक्यावर घेतलं, त्याची त्याला ओळखच नव्हती.

मी पुन्हा माईक धरला. "पंकज, ये रे बाप्पू. आजी इकडे हाय."

मुरमुऱ्याच्या गाडीखालून निळी चड्डी निघाली. दोन्ही मुठींत मुरमुरे.

आम्ही घरी पोचायच्या आत शकुनबाईनं पुढे जाऊन सगळं सांगितलं होतं. सुलोचना दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी.

"उखाणा घेतल्याशिवाय आत येऊ देणार नाही, आई."

"पंकजच्या मायले म्हणा, सरक," मी म्हटलं. "पाय दुखून राहिले."

ती सरकली. हसली तशीच, बारशासारखी, पण डोळे पुसत होती.

तेव्हापासून पोराचं नाव पंकज. मी दिवसभर हाक मारते, माझी जीभ काही झिजली नाही. पण त्याने बाजारातला तो उखाणा पाठ करून ठेवला आहे. अंगणात, न्हाणीत, जेवताना तोंडात घास घेऊन म्हणतो, आणि टिकारामजीवर आला की छाती फुगवतो. मी त्याला म्हणते, चूप बस रे. पण ते इतकं हळू म्हणते, की त्याला ऐकू जात नाही.