घाईताईची पायपेटी

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मला नुसतं पेटी म्हणायचं नाही. पेटी जमिनीवर बसते आणि एका हाताने भाता हलवून घेते. मी पायपेटी आहे. मी माझ्या चार पायांवर उभी असते. वाजवणारा माझ्यासमोर स्टुलावर बसतो, दोन्ही हात वर पट्ट्यांवर ठेवतो आणि खाली दोन पायांनी दोन पायडलं आळीपाळीने दाबतो. जुनी आहे मी, चांगलीच जुनी, पण ठणठणीत. वय विचारू नका, सांगणार नाही.

माझ्या पोटात कापडाचा भाता आहे. पायडल दाबलं की त्यात हवा भरते, ती पितळेच्या बारीक जिभांवरून निसटते आणि सूर निघतो. पाय थांबला की मी गप्प. वाजवणारा कितीही मोठा असो, काल दाबलेल्या पायडलवर आज गाणं होत नाही. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

मला घडवणारा कारागीर भलता बोलका होता. दुकानात कुणी आलं की त्याच्या गप्पांना खंड नसे. पण पितळेची जीभ घासायला घेतली की तोंडाला कुलूप. ती कानाशी धरायची, छेडायची, कानशीने जरा घासायची, पुन्हा छेडायची. मागची कशी झाली आणि पुढच्या किती उरल्यात, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसायचं. दारातून कुणी हाक मारली तर म्हणायचा, "ही होऊ दे, मग तुझं." त्याने माझ्यासाठी दिलेला वेळ पुरता माझाच होता. म्हणून तर इतक्या वर्षांनी अजून माझा सूर हलत नाही. जरा मिरवते, चालवून घ्या.

तिथून मी चर्चमध्ये आले. खिडकीजवळची जागा मिळाली. रविवारच्या उपासनेला मी, लग्नाला मी, बाप्तिस्म्याला मी आणि दफनविधीलाही मीच. वाजवणारे बदलले, गाणारी मुलं मोठी होऊन आपापल्या मुलांना घेऊन आली. मंडळी पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणायची आणि म्हणायची, "आमच्या पायपेटीसारखा आवाज कुठे मिळायचा नाही." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग विजेवर चालणारा कीबोर्ड आला. त्याला पाय मारावे लागत नाहीत, बटण दाबलं की सुरू. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली, मोडके बाक आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या सोबतीला. उंदरांनी माझा भाता कुरतडला. वाईट वाटलं का म्हणून विचाराल, तर फार वाटलं. पण रडायलाही हवा लागते आणि माझ्यात ती राहत नव्हती.

एक दिवस बाक दुरुस्त करायला एक सुतार आला. त्याने माझ्यावरचं फडकं उचललं, पायडलवर पाय ठेवून पाहिला आणि चुकचुकला. पाळकांना म्हणाला, "हिला असं टाकून देणं बरं नाही. मी घरी नेतो." पाळक म्हणाले, "न्या हो, खुशाल न्या. तुमच्या मुलीलाही सरावाला होईल." अशी मी सुतारबाबांच्या घरी आले. त्यांनी माझ्या भात्याला नवं कापड लावलं, पायडलांचे पट्टे बदलले आणि पुढच्या खोलीत भिंतीशी मला उभं केलं. शेजारीच त्यांची खाट होती.

आता त्यांच्या मुलीबद्दल सांगते, कारण ही गोष्ट खरी तिचीच आहे. सगळं चर्च तिला घाईताई म्हणतं. शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, रविवारी चर्चमध्ये कीबोर्ड वाजवते, आई गेल्यापासून घरही सांभाळते. जीव लावणारी पोर आहे, कामाला वाघ आहे. पण ती जिथे असते तिथे कधीच नसते! चहा ढवळताना तिच्या डोक्यात उद्याच्या कपड्यांची इस्त्री असते. इस्त्री करताना परवाची उपासना असते. जेवणाआधीच्या प्रार्थनेत बाबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं "आमेन" होऊन जातं आणि ही उठून मीठ आणायला पळते.

तिला हे नाव पडलं त्याची हकिगत ऐका. उपासनेत सगळे डोळे मिटून शांत प्रार्थना करत होते. हिने मात्र पुढच्या गीताची तयारी म्हणून हळूच कीबोर्डवरचं बटण दाबायला हात पुढे केला. नको ते बटण दाबलं गेलं आणि भर शांततेत लग्नाच्या वरातीसारखा ढोल सुरू झाला. तो बंद करायच्या गडबडीत हिने आवाज आणखी वाढवला. पाळकांना हसू आवरेना. ते म्हणाले, "घाईताई, देवाला एवढी घाई नाही हो." बाबांनी घरी येऊन तो किस्सा शेजारी राहणाऱ्या तिच्या आत्याला सांगितला आणि दोघं पोट धरधरून हसले. घाईताई फुरंगटून स्वयंपाकघरात गेली.

मग बाबा आजारी पडले. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी काही दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं आणि नंतर घाईताईला बाजूला बोलावून सांगितलं, "आता घरी न्या. आनंदात ठेवा. आमच्या हातात जे होतं ते आम्ही केलं." घरी आल्यावर बाबांनी तिला विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" ती खोटं बोलली नाही. बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं. मग माझी एकच मागणी आहे. रोज संध्याकाळी माझ्यापाशी बस. पायपेटी वाजव. आपण दोघं एखादं गीत म्हणू. तुझ्या आईबरोबर म्हणायचो तसं."

"हो बाबा, नक्की," ती म्हणाली. आणि लगेच औषधं आणायला गेली.

मित्रांनो, त्यानंतर मी जे पाहिलं त्याने माझा जीव वरखाली झाला. तिने शाळेतून रजा घेतली. घर लख्ख ठेवलं, सूप गाळून दिलं, चादरी बदलल्या, औषधाची वेळ चुकू दिली नाही. पण बसली म्हणून नाही. संध्याकाळ झाली की बाबा माझ्याकडे बघायचे, मग दाराकडे बघायचे. "येतेस ना गं?" ते हाक मारायचे. आतून उत्तर यायचं, "आलेच!" ते आलेच काही यायचं नाही. बाबांचा श्वास दिवसेंदिवस तोकडा होत होता. आज दोन ओळी म्हणता येतील, पुढे कदाचित एकही नाही. मला ते दिसत होतं, कारण श्वासाचं मला कळतं. ती ते बघायला थांबतच नव्हती.

एका दुपारी बाबांचा डोळा लागला होता. घाईताई पाऊल न वाजवता आली आणि माझ्यासमोर बसली. मला आनंदाचं भरतं आलं. वाटलं, बाबा जागे व्हायच्या आत सूर लावून ठेवतेय. पण तिने वाजवायला घेतलं ते दफनविधीचं गीत. अगदी हळू. एक ओळ वाजवायची, अडखळायची, पुन्हा तीच ओळ. गालांवरून पाणी वाहत होतं. तिला माझ्या पट्ट्या दिसत नव्हत्या. तिच्या डोळ्यांसमोर ती पुढची वेळ होती, फुलं होती, काळ्या कपड्यातली माणसं होती.

"कोण गेलं गं?" खाटेवरून आवाज आला.

तिचा पाय थांबला. माझा सूर अर्ध्यातच विरला.

"कुणी नाही बाबा. सराव करत होते."

"कशाचा?"

तिने पटकन गाल पुसले. बाबा हसायला लागले, मग खोकायला लागले. ती धावली, पाणी दिलं, पाठ चोळली. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "अगं पोरी, मी अजून खाटेवर आहे. चहा पितो, कुरकुर करतो. आणि तू मला पोचवून मोकळी झालीस?"

मग मात्र तिचा बांध फुटला. "मग काय करू बाबा? त्या दिवशी माझे हात चालले नाहीत तर? दुसऱ्या कुणाला मी वाजवू देणार नाही. मलाच वाजवायचंय. आत्तापासून तयारी नको करायला?"

"इकडे ये," बाबा म्हणाले. "नाही, खाटेवर नको. तिथेच बस, पायपेटीपाशी. पायडल मार. जोरात मार. भर भाता. भरला?"

"भरला."

"आता पाय उचल. ही हवा उद्यासाठी ठेवून दे."

तिने पाय उचलला. माझ्या भात्यातून हवा हळूहळू निघून गेली, सुस्कारा टाकावा तशी. मी काय करणार? माझी रीतच ती.

"राहिली?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"आपण रोज प्रार्थनेत काय मागतो? आजची भाकर. महिनाभराचं सामान मागतो का? त्या दिवशी लागेल ते बळ प्रभू त्या दिवशी देईल. आज मागशील तर तो आजचं देईल, आणि ते तुझ्यापाशी आहे गं. पण तू ते वापरायला इथे नसतेस." एवढं बोलून त्यांना दम लागला. त्यांनी डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "मला तू हवी आहेस. सूप नको."

घाईताईने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं आणि उठून स्टूल नीट सरकवून घेतलं. मी तिला पुष्कळदा रडताना पाहिलं होतं, पण असे दात आवळलेले प्रथमच पाहिले. "बाबा, आज संध्याकाळी मी बसणार," ती म्हणाली. "घर पडलं तरी बसणार."

संध्याकाळी ती खरोखरच बसली. पहिलं कडवं झालं. बाबांनी अर्धी ओळ म्हटली, उरलेली तिने म्हटली. दुसऱ्या कडव्याला स्वयंपाकघरातून फसफस आवाज आला. दूध! तिचा पाय पायडलवरून सुटला, कंबर स्टुलावरून उचलली गेली. बाबा तिच्याकडे बघत होते.

ती पुन्हा बसली. दूध उतू गेलं. शेगडी विझली, करपट वास पुढच्या खोलीपर्यंत आला. आत्या मागच्या दाराने आली, धावत जाऊन गॅस बंद केला आणि तिथूनच ओरडली, "अगं, घरात दोन दोन माणसं आणि दूध उतू जातंय? कान आहेत की काय आहेत?"

"आहेत आत्या," घाईताई न उठता म्हणाली. "इकडे गुंतलेत. तूही ये."

आत्या कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. भाऊ गातोय आणि भाची न धडपडता एका जागी बसलीय, हे बघून ती बोलायचीच विसरली. मग खुर्ची ओढून बसली आणि भसाड्या आवाजात तिसरं कडवं म्हणू लागली. बाबा म्हणाले, "तू नुसती ऐक गं." तिघंही हसले.

एका दिवसात स्वभाव बदलतो असं समजू नका. घाईताईचं मन अजून पळतं. मला तिच्या पायावरून कळतं, कारण मन पळालं की पायडल उगाच भरभर पडतं. पण आता तिलाही ते कळतं. मग ती एक क्षण डोळे मिटते, "प्रभू, मी इथे आहे," असं पुटपुटते आणि पाय पुन्हा बाबांच्या श्वासाच्या चालीवर आणते. एका संध्याकाळी असं पाच-पन्नास वेळा करावं लागलं तरी करते. चिकाटी कशाला म्हणतात, ते मी या पोरीकडून पाहिलं.

काल बाबांनी फर्माईश केली. "ते वाजव. दफनविधीचं."

तिचा चेहरा उतरला. "ते कशाला बाबा?"

"त्या दिवशी मला कुठलं ऐकायला मिळायचं? सगळे ऐकणार, मी सोडून. हा काय न्याय झाला?"

तिने वाजवलं. एक पट्टी चुकली, पण ती पुन्हा मागच्या ओळीवर गेली नाही. डोळ्यांत पाणी होतं, तरी नजर त्यांच्याकडेच होती. बाबांना आता गाताना शब्द जमत नाहीत. ते खाटेच्या कडेवर बोटाने ताल धरत होते आणि ओठ हलवत होते. शेवटच्या ओळीला त्यांच्या घशातून बारीक सूर निघाला. नेमका माझ्या सुराला सूर. मी इतकी वर्षं मोठमोठ्या गाणाऱ्यांना साथ केली, पण त्या एका सुरासाठी मला घडवलं असेल, असं मला वाटलं.

मित्रांनो, आता तुम्ही विचाराल, पुढे बाबांचं काय झालं? मला माहीत नाही. पुढे अजून आलेलं नाही. तुम्हाला सांगायचं ते एवढंच. जुन्या वस्तूंना जपा, भाता फाटला तर शिवून घ्या, हे तर आहेच. पण घरात जे माणूस तुमची वाट बघत बसलं असेल त्याला "आलेच" म्हणून झुलवू नका. हातातलं ठेवा आणि जा. प्रार्थनेला बसलात तर प्रार्थनेतच बसा. देव तुम्हाला आज भेटायला येतो, तेव्हा तुम्ही घरात असायला हवं.

बरं, पुरे झालं माझं बोलणं. संध्याकाळ झालीय. बाबांनी दाराकडे पाहिलं, आणि हाक मारायच्या आधीच ती आली आहे. स्टूल ओढतेय. पाय ठेवला.